काविळीची मुळी

"डोळे उघडा बघया," काशीबाई म्हणाली.

परशुरामाने डोळे उघडले. हळदीसारखे पिवळे! काशीबाईला उलट हायसं वाटलं. ताप चढला तेव्हा ती घाबरली होती, पण कावीळ म्हणजे तिच्या घरची गोष्ट. सासूने दाखवलेली मुळी ताकात उगाळून तिने अख्ख्या पंचक्रोशीला दिली होती, आणि माणसं ठणठणीत होऊन गेली होती.

सून पूजा दारात उभी होती. "आये, सादी कावीळ नाय ही. पायाचे पोटरे धरून रातभर कण्हत होते. भाताच्या लावणीत ताप इलो तर दवाखान्यात या, असा नर्सबाई सांगान गेली हा. बाबांका ओरोसाक न्हेवया."

काशीबाई घुटमळली. तेवढ्यात परशुरामच अंथरुणातून म्हणाला, "गप रव गो. हिच्या औषदान अख्खो गाव बरो झालो. मी काय गावाभायलो?"

बायकोच्या हातगुणाचा कोण अभिमान त्या माणसाला! तिने दिलेली वाटी त्याने तीर्थासारखी कपाळाला लावली आणि रिकामी केली. काशीबाई चक्क लाजली. या वयात!

तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली, तेव्हा कुठे गाडी बोलावली. ओरोसला डॉक्टर म्हणाले, "आजी, ही कावीळ वेगळी. उंदरांचं मूत शेतातल्या पाण्यात मिसळतं, पायाच्या चिरांतून रोग अंगात शिरतो. लेप्टो म्हणतात याला. साधी कावीळ पथ्याने आपोआप उतरते, ही नाही उतरत. आधी आणायचं होतं."

"आपोआप?" काशीबाईने विचारलं. डॉक्टर तोवर पुढच्या खाटेकडे वळले होते.

परशुराम पहाटे गेला.

बारावं उरकलं नि दुसऱ्याच दिवशी खालच्या वाडीतली यशोदा लेकीला घेऊन अंगणात हजर. पोरगी तापाने फणफणलेली, डोळे पिवळे. "काशीवयनी, मुळी दी गो. तुझ्या हाताक गुण आसा."

"नाय गो बाये, नाय गुण," काशीबाई म्हणाली, आणि इतके दिवस कोंडलेलं रडू एकदम फुटलं. "असतो तर माझो घोव आज शेतात असतो!"

यशोदा गोंधळली. "बरां, मगे पलीकडच्या वाडीत भाईकडे जातंय. तोय औषद देता."

"खंय जाव नुको." काशीबाईने पदराने तोंड पुसलं आणि पायरी उतरली.

"आये, आताच घराभायर?" पूजा घाबरून म्हणाली. "लोक काय म्हणतले?"

"म्हणांदेत."

एसटीत तिने मायलेकींना आत सरकवलं आणि स्वतः कडेला बसली. यशोदा वाटेतच उतरून भाईकडे जाईल, याची तिला धास्ती होती. ओरोस येईपर्यंत तिने पोरीचं मनगट सोडलं नाही.