कुंदाताईंचा दात आणि कडुलिंबाचं पाणी

मी काचेची पिचकारी. आता माझ्या कडेचा टवका उडालाय, पण एकोणीसशे पन्नास सालानंतरची काही वर्षं बदलापुरात डॉक्टर दौलतरावांच्या दवाखान्यात दातांच्या मुळांतली घाण मीच धुवायची. तिथं कामाला असलेल्या सोनिवलीच्या बनूबाई मला रोज पाण्यात उकळायच्या आणि धुतलेल्या फडक्यावर निजवायच्या.

मित्रांनो, एकदा माझ्याकडून भलतंच घडलं. हेंद्रेपाड्याच्या शिक्षिका कुंदाताईंचा दात धुताना माझी सुई मुळात घट्ट अडकली. डॉक्टरांनी दांडा दाबला आणि जंतू मारणारं ते जहाल औषध मुळाच्या टोकातून पलीकडे गालाच्या मांसात गेलं. कुंदाताई किंचाळल्या. बघता बघता गाल टम्म सुजला. आठ दिवस त्या शाळेत गेल्या नाहीत. डॉक्टर रोज त्यांच्या घरी जाऊन बघून यायचे. मला मात्र कुणी हात लावेना.

शेवटी बनूबाई म्हणाल्या, "डाक्तर, आमी कडुलिंबाच्या सालीच्या पान्यानं चुळा भरतो. त्यानंच धुवा की! झाडाचं हाय, काय बाधनार?"

"बनूबाई, धोतरासुद्धा झाडच आहे," डॉक्टर म्हणाले. "आधी तपासून बघू."

काढून टाकलेल्या दातांवर त्यांनी तो काढा वापरून पाहिला. पहिला काढा दोन दिवसांत आंबला, वर बुरशी आली. बनूबाई ओशाळल्या. मग रोज ताजा उकळायचा, तीनदा गाळायचा, असं ठरलं. डॉक्टरांनी तो स्वतःच्या हिरडीवर लावून पाहिला. आग झाली नाही. पण दातातला गाळही पहिल्या औषधाइतका निघेना.

कुंदाताई परत आल्या. मला पाहताच त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"हे पाणी सौम्य आहे," डॉक्टर म्हणाले, "पण जंतू किती मरतील याची खात्री नाही. खेपा जास्त पडतील. नको असेल तर दात काढू."

"सुई अडकणार नाही ना?"

"सैल धरीन. थेंब थेंब सोडीन."

"मग धुवा."

इतकं हळू पाणी मी कधीच सोडलं नव्हतं. चौथ्या खेपेला दात भरला. सूज आली नाही. दिवाळीत कुंदाताई कडबोळी घेऊन आल्या आणि त्याच बाजूनं एक कडकन चावून दाखवलं! बनूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. डॉक्टरही हसले, पण वहीत लिहिलं, 'एका दातावरून काही सिद्ध होत नाही. पुढे पाहावे.'

पुढे काही दात वाचले, काही काढावे लागले. दोन्ही त्यांनी लिहून ठेवले.

मित्रांनो, औषध बाटलीतलं असो की झाडाचं, ते कुणी तपासलंय हे विचारायला लाजू नका. आणि तुमच्यापैकी कुणी डॉक्टर होऊन माझ्यासारखीला हाती धरलंच, तर हळू दाबा. सुईच्या पलीकडे कुणाचा तरी गाल असतो.