बहुमताने बंद झालेली लिफ्ट

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे. सिंगापुरातल्या बुकित तिमाह भागात, एका आठ मजली कॉन्डोत, म्हणजे खासगी सोसायटीत, मी एकटीच आहे. दुसरी लिफ्ट इथे कधी नव्हतीच. कारखान्यात मला घडवलं, पण खरी जाग आली ती इथे, पोलादी दोरांवर लटकल्यावर. तेव्हा माझ्या भिंती चकचकीत होत्या. चिनी नववर्षाला लोक संत्र्यांच्या पिशव्या घेऊन माझ्यातून वर जात. लग्नाला निघालेल्या मुली माझ्या आरशात शेवटचं बघून घेत. दर महिन्याला मेकॅनिक येई, छतावर चढून दोर तपासे, ग्रीस लावी. त्याचा खर्च सगळे घरमालक मिळून भरत त्या देखभाल निधीतून होई. माझं नाव मात्र कोणी काढत नसे. लिफ्टची आठवण लोकांना ती बंद पडल्यावरच होते.

माझ्याशी बोलत त्या एकट्या हिराबाई. नागपूरहून मुलाकडे राहायला आलेल्या. मुलगा धम्मानंद जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात इंजिनिअर, आठव्या मजल्यावर भाड्याने राहणारा. अर्धांगवायूने हिराबाईंचे पाय गेले होते. रोज संध्याकाळी धम्मानंद त्यांची व्हीलचेअर आत ढकलत असे, आणि त्या माझ्या भिंतीवर हात टेकून म्हणत, "चाल माय, खाली ने." खाली बागेत पाचव्या मजल्यावरच्या मिसेस तान त्यांची वाट बघत बसलेल्या असत. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी गप्पा अंधार पडेपर्यंत चालत. हिराबाईंचं सिंगापूर म्हणजे तेवढाच एक तास.

त्यांच्या फ्लॅटचे मालक निशिकांत. ते स्वतः दुसऱ्या मजल्यावर राहत. एकदा ते माझ्यात धम्मानंदला म्हणाले, "देखभालीची वर्गणी निम्मी करायचा ठराव आणतोय. सभा बोलवायला मालकांच्या सह्या लागतात. तू फिरशील? तुला सगळे ओळखतात."

"पण सर, मी भाडेकरू. मला मत नाही."

"मत नसलं म्हणून काय झालं? आपलाच माणूस आहेस तू."

वर्क पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर राहणाऱ्या माणसाला इथे कोणी काही विचारत नाही. आज कोणीतरी विचारलं, याचंच धम्मानंदला अप्रूप वाटलं. रविवारी तो निघाला आणि आईलाही सोबत घेतलं. हिराबाईंनी मांडीवर चिवड्याचा डबा ठेवला. मी प्रत्येक मजल्यावर थांबले. दार उघडलं की हिराबाई हसून मूठभर चिवडा द्यायच्या आणि लोक सही करायचे. मिसेस तान तेवढ्या म्हणाल्या, "मिस्टर धम्मा, चिवडा व्हेरी नाइस. सही नो, लाह. पैसा कमी, मग लिफ्ट कोण बघणार?"

"काय म्हणते रे ती?" हिराबाईंनी विचारलं.

"काही नाही आई. चिवडा आवडला म्हणते."

सभा माझ्याच दारासमोर, तळमजल्यावर, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून झाली. वर्गणी निम्मी झाली. शिवाय असंही ठरलं, की ती पुन्हा वाढवायची तर चारांतल्या तिघांची मतं हवीत. टाळ्या पडल्या. भाडेकरू असल्यामुळे धम्मानंद मागे उभा होता, त्यानेही वाजवल्या.

पुढचं सगळं हळूहळू झालं. आधी बागेचे दिवे गेले. मग माझा मेकॅनिक बदलला. नवा स्वस्तातला होता. खालूनच टॉर्च मारून निघून जाई. माझे दोर झिजले, मोटर तापू लागली. वार्षिक तपासणीत मी नापास झाले आणि माझ्या दारावर ‘बंद’ची पाटी लागली. दुरुस्तीला पैसे हवेत, पैशांना वर्गणी वाढायला हवी, आणि वर्गणी वाढायला पुन्हा मतदान हवं.

हिराबाई आठव्या मजल्यावर अडकल्या. धम्मानंद निशिकांतांच्या दारात गेला. मी जिच्यातून वर-खाली जाते त्या पोकळीतून प्रत्येक मजल्याचा आवाज खाली येतो. मी सगळं ऐकलं.

"सर, या वेळी लिफ्टच्या बाजूने मत द्या. आई कोंडून पडली आहे."

"धम्मानंद, तू इंजिनिअर ना? जरा डोकं चालव. इमारत मोडकळीला आली की लोक एन ब्लॉकला तयार होतात. अख्खा कॉन्डो चढ्या भावाने बिल्डरला विकायचा आणि मोकळं व्हायचं. मला बंद लिफ्टच सोयीची."

"हे आधीपासून ठरलेलं होतं?"

"अर्थात. आणि मावशींचे उपकार मानायला हवेत. माझ्या तोंडाकडे बघून कोणी सही केली नसती."

दुसऱ्यांदा मतदान झालं. मिसेस तान खूप बोलल्या. खालच्या मजल्यांवरचे मालक घड्याळ बघत होते. ठराव पडला.

त्या रात्री हिराबाईंनी विचारलं, "काहून पडला रे? आपण तर साऱ्यांना चिवडा देल्ला होता." दुसऱ्या दिवशी धम्मानंदने नागपूरला बहिणीला फोन केला आणि आईचं एकेरी तिकीट काढलं.

जायच्या दिवशी त्याने आणि वॉचमनने हिराबाईंना खुर्चीला बांधून जिन्याने उतरवलं. पाचव्या मजल्यावर मिसेस तान हिराबाईंचा हात धरून उभ्या राहिल्या. चौथ्यावर कोणीतरी दार उघडून म्हणालं, "केअरफुल आह, भिंतीचा रंग नवा आहे." दुसऱ्यावर निशिकांत उभे होते.

"निघालात मावशी? पुन्हा या हं."

हिराबाईंनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "कशानं येऊ?"

त्यावर निशिकांत हसले आणि दार लावून घेतलं.

मी तळमजल्यावर दार मिटून उभी होते. खुर्ची माझ्या समोरून गेली. कोणी माझ्या भिंतीवर हात टेकला नाही, आणि मी तरी काय करणार होते?

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला मत नाही. तुम्हाला उद्या असेल. पैसे वाचवणाऱ्या ठरावाला हात वर करण्याआधी, सगळ्यात वरच्या मजल्यावर कोण राहतं ते एकदा पाहून या. जिन्याने जा.