विल्फ थ्वेटचा रविवारचा आवाज

ब्रायनीनं फळं सुकवायच्या यंत्राचं झाकण उचललं, आत बोट घातलं, आणि चटका बसत नाही अशी खात्री झाल्यावर टेपचं रीळ दोन्ही तळव्यांवर तोलून बाहेर काढलं. सफरचंदाच्या चकत्यांसाठी बनवलेल्या या यंत्रात इथं कधी सफरचंद गेलंच नव्हतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या टेपांचा डिंक आता ओल धरतो. टेप चिकट होते, वाजवायला गेलं की किंचाळते. मंद आचेवर सुकवली की काही आठवडे नीट बोलते. तेवढ्यात ती संगणकावर उतरवून घ्यायची.

"झाली! एक नंबर झाली!" ती ओरडली. एकटीनं सुकवलेली ही तिची पहिलीच टेप होती. शाळेत कुणाला सांगितलं असतं तर हसले असते. हसेनात का!

"निवू दे जरा, पोरी," डेरिक म्हणाला. "वाजली की मग नाच."

रीथ गावातल्या चॅपेलमागच्या या खोलीत डेरिक खोऱ्यातल्या जुन्या बोलीची ध्वनिमुद्रणं सांभाळत असे, आणि शाळा सुटली की ब्रायनी मदतीला येई. नियम साधा होता. बोली असलेली टेप कायमची राहायची, नसलेली घरच्यांकडे परत जायची. परत गेलेल्या टेपा माळ्यावर पडतात आणि तिथंच संपतात, हे दोघांनाही माहीत होतं.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या मॉरीनबाईंनाही ते आता कळलं होतं. टेपवरचा माणूस त्यांचा बाप. साठी ओलांडलेल्या, हॅरोगेटच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई. प्रत्येक शब्द इस्त्री करून बाहेर पडायचा. येताना फ्रूटकेक आणि चीज आणलं होतं, पण स्वतः शिवल्या नव्हत्या.

"विद्यापीठाच्या बाई ध्वनिमुद्रणासाठी घरी येऊन गेल्या, ही वडिलांच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट होती," त्या म्हणाल्या. "आपला आवाज कुठेतरी जपून ठेवलेला आहे, असे ते शेवटपर्यंत सांगत. तो इथेच राहावा, एवढीच इच्छा आहे."

ब्रायनीनं टेप लावली. रीळ फिरलं. जराही किंचाळलं नाही. तिनं डेरिककडं बघून भुवया उडवल्या.

"माझे नाव विल्फ्रेड थ्वेट असे आहे," स्पीकरमधून आवाज आला. "मी मेंढ्यांचे संगोपन करतो. चालू हंगामात हवामान समाधानकारक आहे."

ब्रायनीला हसू फुटलं, ते तिनं खोकल्यात दडपलं.

"मिस्टर थ्वेट, घरी बोलता तसं बोला ना," टेपवरची बाई विनवत होती.

"मी गृहीदेखील असेच संभाषण करतो, बाईसाहेब."

डेरिकनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. यंत्र समोर आलं की कितीजण असंच करायचे. चर्चसाठीचा रविवारचा सूट घालायचे, त्यासोबत रविवारचा आवाजही.

"टेप सुरेख आहे, मॉरीनबाई. पण यात बोली... नाहीच हो."

"समजले," त्या म्हणाल्या आणि पर्स उचलली.

ब्रायनीनं कानावर हेडफोन चढवले होते. विल्फच्या प्रत्येक वाक्याआधी काहीतरी खसफसत होतं. टेप खराब सुकवली की काय? तिनं मागं नेऊन आवाज वाढवला, आणखी वाढवला. मग हेडफोनची वायरच उपटली.

"बाबा, 'हाय' न्हाई म्हनायचं," खोलीभर एका पोरीची कुजबुज घुमली. "'आहे' म्हना. आन् त्वांड वर करा की, त्या बाईला काय वाटंल!"

मॉरीनबाईंची पर्स पुन्हा मांडीवर आली.

"टेबलाखाली," त्या हळूच म्हणाल्या. "मी टेबलाखाली बसले होते. मोठ्या शाळेत प्रवेश मिळाला होता ना मला. आठवडाभर त्यांना शुद्ध बोलायला शिकवत होते. मेंढ्या हाकताना पाठ करत ते."

डेरिक उभाच राहिला. "अहो, सोनं आहे हे! आमच्याकडं सगळे म्हातारे. त्या काळी पोरांपुढं माईक धरला कुणी? टेप राहिली! आता कुठं जात नाही ती." त्यानं कार्ड पुढं ओढलं. "बोलणारी, मॉरीन थ्वेट. वय?"

"अकरा. आणि बाबा?"

"ते खाली येतील. 'खोलीतले इतर आवाज' म्हणून."

"आरं वा रं वा!" मॉरीनबाई ताडकन उठल्या. "त्यो बिचारा मेंढरांम्होरं घसा फोडून शिकला, आन् तू त्येला घड्याळाच्या टिकटिकीत बशिवतो व्हय? लाज न्हाई वाटत?"

डेरिकचा चेहरा उजळला. बाईंच्या तोंडी आलेल्या बोलीबद्दल तो काही बोलणार एवढ्यात ब्रायनीनं टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ हाणली. चांगली सणसणीत.

तो कळवळला. नडगी चोळत त्यानं दुसरं कार्ड घेतलं आणि सगळ्यात वर विल्फ्रेड थ्वेट लिहिलं, त्याखाली मॉरीन. तिच्यापुढं बोलीच्या रकान्यात खोऱ्याचं नाव टाकलं. विल्फपुढच्या रकान्याशी पेन थबकलं.

"यांची कुठली लिहू?"

मॉरीनबाईंनी पर्स टेबलावर ठेवली.

"माझी लिहा. मीच शिकवलेली," त्या म्हणाल्या आणि केकची बशी पुढं ओढली.