शेजाऱ्यांचं पिल्लू

वाचकहो, जनावरांच्या विषाणूंवर संशोधन करणाऱ्या आमच्या डॉक्टरीणबाईंच्या प्रयोगशाळेत आजवर कुणाचंही स्वतःचं कुत्रं आजारी पडलेलं नाही! नमुना घेऊन येणारा जो तो सांगतो, "शेजाऱ्यांचं पिल्लू आहे हो." बाईंना आधी हसू येतं, मग राग. पिल्लांना रक्ताचे जुलाब लावणारा हा विषाणू विष्ठेतून पसरतो, चपलांच्या तळव्यांना चिकटून घरोघर जातो. लोकांनी वेळेवर सांगितलं तर कितीतरी पिल्लं वाचतील. पण कुणी नावं ठेवू नयेत म्हणून सगळे मूग गिळून बसतात.

एके सकाळी बाईंच्याच घरचं पिल्लू, गुंड्या, कोपऱ्यात मलूल पडलं. रोज मोजे पळवणारा हा गडी पाण्याकडेही बघेना. लशीचा दुसरा डोस 'उद्या देऊ, परवा देऊ' करता करता राहूनच गेला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बाईंनी नमुना नेला. मदतनिसाने सवयीने विचारलं, "मॅडम, कुणाचं?"

"शेजाऱ्यांचं," बाई बोलून गेल्या.

चाचणीत तोच विषाणू निघाला. बाईंनी घरी येऊन गुंड्याला सलाईन लावलं, दार लोटून घेतलं आणि वडिलांना बजावलं, की यातलं कुणाला काही कळता कामा नये. इमारतीत सगळ्यांना लशीचे धडे देणारी मी, लोक तोंडात शेण घालतील!

वडील निवृत्त बसचालक. सलाईनची बाटली उंच धरून ते खिडकीतून बघत होते. खाली अंगणात इमारतीतली पिल्लं एकमेकांच्या शेपट्या ओढत होती. कालपर्यंत गुंड्याही तिथेच लोळत होता.

"पोरी, एकदा उतारावर माझ्या गाडीचा ब्रेक गेला होता," ते म्हणाले. "मी काय केलं असेल?"

"हॉर्न वाजवला असेल."

"कानठळ्या बसेपर्यंत वाजवला. चूक कुणाची, लोक ड्रायव्हरला काय म्हणतील, असलं काही मनातसुद्धा आलं नाही. समोरची माणसं बाजूला व्हायला हवी होती, बस्स. आता तूच सांग, तुझी लाज मोठी, की ती खालची पिल्लं?"

बाईंचे डोळे भरून आले. त्या तशाच खाली गेल्या. गुंड्याला काय झालंय, डोस कुणाच्या हलगर्जीपणाने राहिला, सगळं त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून सांगून टाकलं. पिल्लं घरात ठेवा, राहिलेल्या लशी द्या, अंगण आपण मिळून ब्लीचिंगने धुऊ, असंही सांगितलं.

कुणी नावं ठेवली नाहीत. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई मात्र हळूच पुढे आल्या. "आमचंही सकाळपासून ओकतंय. सांगायला लाज वाटत होती हो."

दुपारी बाई दुसरा नमुना घेऊन प्रयोगशाळेत गेल्या. "हे शेजाऱ्यांचं," त्या मदतनिसाला म्हणाल्या, "आणि सकाळचं आमचं होतं."

वेळेवर उपचार झाल्याने दोन्ही पिल्लं वाचली. गुंड्याने वडिलांचा मोजा पळवला त्या दिवशी बाई हसता हसता रडल्या.

मंडळी, आजार होणं हा गुन्हा नव्हे, पण तो लपवला की आपलं संकट आपणच दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडतो. आजही प्रयोगशाळेत कुणीतरी खाली मान घालून "शेजाऱ्यांचं" म्हणतं. बाई आता रागावत नाहीत. "बसा," म्हणतात, "आमचंही आजारी पडलं होतं." मग समोरचा माणूस खरं काय ते सांगतो.