पाठ फिरवणे हाच माझा धंदा

मी एक जुनी पाठ आहे. दचकू नका मित्रांनो, माणसाची नव्हे, आगगाडीतल्या बाकाची. माणसांत पाठ फिरवणे वाईट समजतात. माझा मात्र तो पोटापाण्याचा धंदा आहे, आणि मी तो झकास करते.

त्याचे असे आहे. आमची गाडी डोंगर चढते. अर्ध्या वाटेवरच्या स्थानकात रूळच संपतात, पुढे सरळ कडा. तिथे इंजिन मागच्या टोकाला जोडतात आणि गाडी उलट दिशेने वर निघते. पुढे बघत बसलेल्यांचे तोंड एकदम मागे! म्हणून सुताराने मला जाड फळ्यांतून घडवले आणि दोन्ही टोकांना लोखंडी दांडे बसवले. मला धरून पलीकडे ढकलले की खटाक! बाक तेच, दिशा नवी. मी नवी होते तेव्हा मोठमोठे साहेब मला मुद्दाम फिरवून बघत आणि थोपटत. पाठ थोपटून घेण्याचे सुख मला विचारा.

पण माझे खरे वैभवाचे दिवस आले ते एका नणंद-भावजयीमुळे. वहिनी दातांची डॉक्टर. नणंद टपाल कचेरीत अधिकारी, पण लहानपणी दिवसभर इंजिनासारखी ओरडायची म्हणून घरात अजूनही शिट्टीच. दोघींना आगगाडीचे वेड, आणि ज्यांच्यामुळे हे नाते जुळले त्या भाऊरायांना गाडी हलली की मळमळते! त्यांना घरी ठेवून या दर वर्षी निघत. वहिनी डब्याच्या भिंतीला टेकलेल्या, न फिरणाऱ्या बाकावर बसे, शिट्टी माझ्या बाकावर, तिच्याकडे तोंड करून. वरच्या दगडी पुलावर असे वळण आहे की खिडकीतून इंजिन पुलावर आलेले दिसते तेव्हा गाडीचे शेपूट बोगद्यातच असते.

"इंजिन पुलावर!" शिट्टी ओरडायची.

"शेवटचा डबा अजून आतच!" वहिनी उत्तर द्यायची.

खाली खोल दरी, समोर धबधबे, आणि या दोघींच्या मधे अख्खी गाडी मावायची. दोघी समोरासमोर, म्हणून मला फिरवायची त्यांना कधी गरजच पडली नाही, आणि त्यांचे बघून बाकीचे उतारूही मला तशीच ठेवू लागले. आमच्या सांध्यांना तेल घालणाऱ्या तेलवाल्याला वाटले, ही काही फिरत नाही. तो मला वगळू लागला आणि माझे सांधे गंजले.

एका वर्षी दुसरीकडे नवा रेल्वेमार्ग सुरू झाला. त्या वर्षी आमची गाडी सुटल्यासुटल्या वहिनी बोलून गेली, "नव्या मार्गावरचे बोगदे याहून लांब आहेत हं."

"तुला काय माहीत?" शिट्टीने विचारले. वहिनीने जीभ चावली, पण उशीर झाला होता. "तू पहिल्या गाडीने जाऊन आलीस? मला न सांगता? वहिनी, आपली ही शेवटची खेप!"

ती ताडकन उठली आणि तिने रागाच्या भरात मला एका झटक्यात फिरवले. माझे सांधे करकरले. मग ती वहिनीकडे पाठ करून बसली. वहिनी दोनदा "शिट्टी, अगं ऐक तरी" म्हणाली, पण ते ऐकले फक्त मी. मला फार वाईट वाटले.

रूळ संपले. डब्यात खटाखट पाठी फिरू लागल्या. नव्या दिशेला बघायचे तर वहिनीकडेच तोंड करावे लागणार होते. शिट्टी बराच वेळ बसून राहिली. शेवटी उठून मला ओढू लागली. मी जागची हलेना.

"इंजिन दिसावं म्हणून फिरवतेय," ती खिडकीला सांगितल्यासारखे म्हणाली. "कुणाचं तोंड बघायला नव्हे."

वहिनीने माझे दुसरे टोक धरले. "नुसतं ओढू नकोस. दात काढताना करतो तसं कर. आधी हलवायचं, थोडं इकडे, थोडं तिकडे."

दोघी मला हलवू लागल्या.

"त्या गाडीचं तिकीट एकच मिळालं," वहिनी म्हणाली.

"मग सोडायचं होतंस."

"हो गं. चुकलंच माझं."

थोडे इकडे, थोडे तिकडे.

"कशी होती गाडी?" शिट्टीला राहवले नाही.

"देखणी. पण इंजिन पुलावर आलं, मी ओरडायला तोंड उघडलं, तर समोर एक गृहस्थ घोरत होते."

शिट्टीला खुदकन हसू फुटले, आणि त्याच धक्क्याने मी फिरले. खटाक!

पूल आला. "इंजिन पुलावर!" शिट्टी ओरडली. "शेवटचा डबा अजून आतच!" वहिनीने उत्तर दिले.

उतरताना दोघींनी तेलवाल्याला गाठून असे काही झापले की आता त्याचा पहिला थेंब मला मिळतो. मित्रांनो, पाठ फिरवायची वेळ तुमच्यावरही येईल. खुशाल फिरवा, मी कोण नको म्हणणार? फक्त सांध्यांत तेल असू द्या. गंजलेली पाठ रागात एकटीने फिरवता येते, पण परत वळवायला दोघं लागतात, आणि दुसरं माणूस दर वेळी समोरच्या बाकावर बसलेलं असेलच असं नाही.