दोर कोणाच्या हातात होता

प्रियदर्शनीचा उजवा पाय बोटीत पडला आणि डावा धक्क्यावरच राहिला, तेव्हा बोट हळूच मागे सरकू लागली. मधल्या फटीतलं हिरवट पाणी रुंद होत गेलं. एका हाताने तिने साडीच्या निऱ्या धरल्या होत्या. दुसरा हात हवेत होता आणि त्याने कशाला धरावं हे तिला सुचत नव्हतं.

"खाली बसा मॅडम. उभ्यानं विचार नका करू," बोटीत आधीच बसलेला नागसेन म्हणाला. त्याने वाकून धक्क्याची लोखंडी कडी पकडली आणि बोट जागच्या जागी थांबवली. प्रियदर्शनीने डावा पाय उचलला आणि ती प्लास्टिकच्या बैठकीवर जवळजवळ आदळलीच. बोट डुचमळली, मग शांत झाली.

"जमलं," तो म्हणाला.

धक्क्यावरच्या बोटवाल्याने खांबाला बांधलेला दोर सोडून त्याचं टोक तिच्याकडे फेकलं. "मॅडम, हा वर ठेवा. पायापाशी. पाण्यात जाऊ देऊ नका."

"हो, हो," ती म्हणाली. दोर ओला आणि शेवाळलेला होता. साडीला लागू नये म्हणून तिने तो बैठकीच्या मागे, बोटीच्या काठावर ठेवला. मग केशरी जॅकेटचा पट्टा नीट केला, पर्स मांडीवर घेतली, आणि काठावरच्या बाकावर बसलेल्या भावाला हात दाखवला.

प्रीतमदादाने हात उचलला, पण हसला नाही. त्याच्या शेजारी नागसेनची थोरली बहीण इंदूबाई संत्री सोलत होत्या. त्या आणि नागसेन, दोघं बहीणभाऊ सकाळच्या एसटीने अकोल्याहून आले होते. पहिली भेट प्रीतमदादाच्याच घरी, अमरावतीत झाली होती. तेव्हा सगळे इतके ताठ बसले होते की पोह्यांच्या बशीत चमचा वाजला तरी दचकायला होत होतं. चाळिशी ओलांडलेल्या दोन माणसांनी एकमेकांना ऑफिसच्या वेळा विचारल्या, आणि पुढे काय विचारावं ते दोघांनाही कळलं नाही. निघताना इंदूबाई म्हणाल्या होत्या, "घरात बसून माणूस नाई समजत, भाऊ. पुढच्या खेपेस बाहेर कुठी भेटू." म्हणून गावाबाहेरचा हा तलाव, जानेवारीतला रविवार, आणि बदकाच्या तोंडाची ही पायडलची बोट.

दोघंही पायडल मारू लागले. मागचं चाक पाणी कापत खळखळत होतं. प्रियदर्शनी पाटबंधारे खात्यात आरेखक होती. धरणांच्या भिंती, कालव्यांचे छेद, सांडवे, सगळं तिने कागदावर आणि पुढे संगणकावर काढलं होतं. पाण्याची पातळी म्हणजे तिच्यासाठी एक निळी रेघ. त्या रेघेवर आपण कधी बसलो नव्हतो, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

तसं तिने नागसेनला सांगितलं. तो हसला.

"मी बसस्टँडवर कंट्रोलर हाओ. आयुष्यभर लोकायले गाड्यात बसवलं, पण स्वतः कुठं गेलो नाई. जुन्या शहरातून निघाचं, मोर्णेचा पूल, स्टँड. संध्याकाळी वापस." मग जरा थांबून म्हणाला, "बायको होती तवा पचमढीले जाऊ म्हणे. दर उन्हाळ्यात म्हणे. मग बिमारच पडली."

"किती वर्षं झाली?"

"दीक्षा बारावीले होती." दीक्षा त्याची मुलगी. आता पुण्यात नोकरी करत होती, आणि हे स्थळ तिनेच शोधलं होतं. "तिनंच मले नवीन बूट घेऊन देल्ले. म्हणे, बाबा, चप्पल घालून जाऊ नका."

प्रियदर्शनीने खाली पाहिलं. काळे बूट चकचकीत होते आणि त्याला बोचत असावेत, कारण पायडल मारताना तो टाच सारखी उचलत होता.

तलावाच्या मधोमध आल्यावर पायडल जड झालं. तिला वाटलं, आपले पाय दमले. तिने जोर लावला. मग कटकन आवाज झाला आणि दोघांचीही पायडलं एकदम थांबली. बोट थोडी पुढे गेली, वळली आणि बदकाचं तोंड फिरून पलीकडच्या डोंगराकडे झालं.

"काय अडकलं?" नागसेन मागे वळून वाकला.

तिला पाहायची गरज नव्हती. बैठकीच्या मागचा काठ रिकामा होता. तिथून दोर ताणलेला पाण्यात गेला होता, थेट चाकात.

आता प्रश्न येणार, असं तिला वाटलं. तो तिच्या ओळखीचा होता. किशोरबरोबरच्या संसारात दूध उतू गेलं, किल्ली सापडली नाही, पाहुण्यांकडे जायला उशीर झाला, की तो एकच विचारायचा, "कोणी केलं?" घरात माणसं दोनच. तो ओरडत नसे. उत्तर येईपर्यंत दारात उभा राहायचा, एवढंच. म्हणून प्रश्नाआधी उत्तर तयार ठेवायची सवय तिला लागली होती. कोर्टातून मोकळी होऊन इतकी वर्षं झाली, तरी ती सवय गेली नव्हती.

"बोटवाल्यानंच नीट ठेवला नसेल," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण ऑफिसात साहेबांना सांगतात तसा निघाला.

"असन," नागसेन म्हणाला. त्याने दोर ओढून पाहिला, मग सोडला. "चाकाले चांगला गुंडाळला गेला. मी पाहतो, तुमी बसून राहा. हलू नका."

त्याने बूट काढले, मोजे त्यांत कोंबले आणि जोडी मागच्या सपाट भागावर ठेवली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पालथा पडून हात पाण्यात घातला. बोट मागे कलली. प्रियदर्शनी पुढच्या कडेला घट्ट धरून बसली. त्याचा हात चाकापर्यंत पोचत होता, पण गाठ सुटत नव्हती. अजून थोडं पुढे सरकावं म्हणून त्याने कोपर टेकवला, आणि कोपराने एक बूट अलगद पाण्यात ढकलला.

बूट बुडाला नाही. तोंड वर करून तो पाण्यावर बसला आणि वाऱ्यावर निघाला. नागसेनने हात लांब केला. बूट त्याच्या बोटांना लागून फिरला आणि आणखी लांब गेला. मग त्यात पाणी शिरलं. एका कडेला झुकून तो खाली गेला, आणि वर दोन-तीन बुडबुडे आले.

दोघंही त्या जागेकडे पाहत राहिले.

"गाडी गेली," नागसेन म्हणाला. मग स्टँडच्या लाउडस्पीकरवर बोलतात त्या सुरात, सावकाश, "प्रवाशांनी दुसऱ्या गाडीची वाट पाहावी."

तिच्या तोंडून हसू निसटलं. तिने तोंडावर हात ठेवला. तो ओल्या हाताने चष्मा पुसत होता आणि चष्मा आणखी ओला होत होता. त्यावर ती पुन्हा हसली, या वेळी हात न ठेवता.

मग वाट पाहण्याशिवाय काही उरलं नाही. काठावरून कोणीतरी शिट्टी मारली. बंधाऱ्यावर बसलेली कॉलेजची पोरं उभी राहून मोबाइलवर त्यांचे फोटो काढत होती. प्रियदर्शनीने तोंड फिरवलं. नागसेनने मात्र त्यांच्याकडे पाहून दोन्ही हात हलवले. पोरांनी आरडाओरडा केला.

"हसू द्या," तो म्हणाला. "रविवार हाये त्यायचा."

बोट वाऱ्याबरोबर हळूहळू सरकत होती. दूर एक पाणडुबी बुडी मारून भलतीकडेच वर येत होती. दोर मी पाण्यात जाऊ दिला, हे आत्ता सांगावं, असं तिला वाटलं. वाक्य तोंडापर्यंत आलं. तेवढ्यात मोटरबोटीचा आवाज आला आणि ते राहून गेलं.

मोटरबोटीतून बोटवालाच आला होता आणि तो वैतागलेला होता. त्याने बदकाच्या मानेत हूक अडकवला, मागे येऊन चाक पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"दोर पाण्यात कोणी सोडला? सांगतलं होतं ना मी? चाक तुटलं असतं म्हंजे?"

प्रियदर्शनीने तोंड उघडलं.

"माह्या हातून सुटला, भाऊ," नागसेन म्हणाला. "चुकलंच."

बसमध्ये बाजूची पिशवी उचलून मांडीवर घ्यावी, इतक्या सहज तो हे म्हणाला. बोटवाल्याने आणखी दोन शब्द सुनावले. ते ऐकून घेऊन नागसेनने उरलेला बूट पायात घातला आणि तो दुमडलेली पँट खाली करू लागला. प्रियदर्शनीने पर्स जवळ ओढली. काठ जवळ येत होता.

धक्क्यावर इंदूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. बोट लागतालागताच बोटवाल्याने दोराचं सगळं त्यांना आणि प्रीतमदादाला सांगून टाकलं. भावाच्या एका पायात बूट आणि दुसरा पाय उघडा पाहून त्यांना आधी हसू आलं, मग राग.

"काय गा हे! नवा बूट होता ना? अन् दोर काहून सोडला तू? एक काम सांगतलं लोकायनं..."

"सुटला, अक्का."

"सुटला म्हणे! लहानपणापासून असाच हाये हा, बापा," त्या प्रीतमला म्हणाल्या. मग प्रियदर्शनीकडे वळल्या. "तुमी घाबरल्या नाई ना बाई? चला, चहा घ्या आधी."

टपरीवर आलूबोंडे तळले जात होते. नागसेन एका स्टुलावर बसला आणि उघडा पाय त्याने बुटाच्या पायावर ठेवला. प्रियदर्शनी हात धुवायला मागच्या नळाकडे गेली, तसा प्रीतमदादा तिच्यामागे आला.

"मी काय म्हणतो," तो हळू आवाजात म्हणाला. "घाई नको करू. माणूस चांगला हाये, नाई म्हणत नाई मी. पण वेंधळा हाये. तुले पाण्यात मधात अडकवून ठेवलं. उद्या घरचं, बँकेचं, काही सांगतलं अन् असंच सुटलं हातातून तर? तू एकदा लई भोगलं हाये. मले पुन्हा..."

तो थांबला. त्याचं बोलणं खोटं नव्हतं. किशोरचं स्थळ त्यानेच आणलं होतं. त्या वेळी तो घरी येऊन म्हणाला होता, माणूस एकदम शिस्तीचा, एक वस्तू इकडची तिकडे नाही. नंतर ज्या रात्री ती बॅग घेऊन दादाच्या दारात उभी राहिली, त्या रात्रीपासून तिच्या बाबतीत तो प्रत्येक गोष्ट दोनदा तपासत होता. गॅसची शेगडीसुद्धा.

नळाचं पाणी गार होतं. हातावरचं शेवाळ निघायला वेळ लागला.

"दादा," ती म्हणाली, "किशोरच्या हातून कधीच काही सुटलं नव्हतं."

प्रीतमने तिच्याकडे पाहिलं. ती पदराला हात पुसत टपरीकडे चालू लागली होती.

टेबलाशी इंदूबाईंचं अजून चालूच होतं. नागसेन आलूबोंडा फोडून फुंकर मारत होता आणि मान डोलवत होता. प्रियदर्शनी बसली नाही. टेबलाच्या कडेवर बोटं टेकवून ती उभी राहिली.

"दोर मले धराले सांगतला होता," ती म्हणाली आणि तिने नागसेनकडे मान वळवली. "यायले नाई. मी तो मागं ठेवला अन् तिथून पाण्यात गेला. बोटीत असताना यायले मी खोटं सांगतलं, बोटवाल्यानं ठेवला म्हून."

इंदूबाईंचा हात कपाच्या कानावर थांबला. मागून आलेला प्रीतम तिथेच उभा राहिला. टपरीवाल्याने कढईत पुढचा घाणा सोडला.

"असं काय?" नागसेन म्हणाला. "मले वाटलं मीच सोडला."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तो खरं बोलत होता की तिच्यासाठी बोलत होता, ते तिला कळलं नाही. तो आलूबोंड्याला चटणी लावण्यात गुंतला होता.

"अन् बूट?" इंदूबाईंनी विचारलं.

"बूट माह्याच हातचा," तो घाईघाईने म्हणाला. "बुटाचं खापर यायच्यावर नको फोडू, अक्का."

प्रीतमने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते नाकातून फुस्सकन निघालंच. त्याने दुसऱ्या टेबलाखालचं स्टूल पायाने ओढलं आणि नागसेनच्या शेजारी बसला. "कितीचा नंबर तुमचा?" त्याने विचारलं. "गाडीत माह्या चपला हायेत एक जोडी."

"आठ."

"मंग होतील."

प्रियदर्शनी अजून उभीच होती. सबबी तयारच होत्या: साडी होती, पर्स होती, जॅकेटचा पट्टा बसत नव्हता. सगळं खरं होतं आणि यातलं काहीही आता सांगता आलं असतं. कोणी विचारतही नव्हतं.

इंदूबाईंनी बाकावरची संत्र्यांची पिशवी उचलून खाली ठेवली आणि मोकळ्या जागेवर हात फिरवला.

"ये, इकडं सावलीत बस," त्या म्हणाल्या. "चहा निवून राहिला तुहा."

ती बसली. चहावर साय आली होती. तिने ती बोटाने बाजूला केली आणि कप तोंडाला लावला.