शरयूबाईंच्या नेमातली फियाट

मित्रांनो, जरा जवळ या. आवाज बसला आहे माझा, आणि मोठ्याने बोलायला गेले की अंगावरच्या सगळ्या काचा थरथरतात. ग्वाल्हेरला माधवगंजाच्या मागच्या बोळात, पत्र्याच्या शेडखाली एक फिकट निळी गाडी दिसते ना, पुढच्या बंपरवर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली? ती मी. कागदोपत्री माझं नाव पद्मिनी, पण सगळे फियाटच म्हणतात. मीही वाद घालत नाही. या वयात कोणी कोणत्याही नावाने हाक मारली तरी बरं वाटतं.

माझा जन्म मुंबईला, कुर्ल्याच्या कारखान्यातला. तिथून मी थेट दिल्लीला एका डॉक्टरांकडे गेले. माझा गिअर खाली जमिनीवर नाही, स्टिअरिंगच्या दांड्याला आहे, आणि पुढची सीट बाकासारखी सलग आहे, एवढं मात्र लक्षात ठेवा. डॉक्टरांची मुलं त्या बाकावर दाटीवाटीने बसून शाळेला जायची. मुलं मोठी झाली, परदेशी गेली, डॉक्टर थकले. मग दिल्लीत जुन्या गाड्यांना रस्त्यावर फिरायची परवानगी राहिली नाही, आणि शहराच्या कडेला एका मैदानात माझ्यासारख्यांना नेऊन उभं केलं. रोज सकाळी क्रेन यायची, कोणाला तरी कापायला घेऊन जायची. जे वाचायचे ते परगावच्या गिऱ्हाइकाच्या वाटेकडे डोळे लावून बसायचे. आम्ही स्वस्त झालो होतो. फार स्वस्त.

त्या मैदानात एक दिवस लक्ष्मीकांतराव आले. ग्वाल्हेरचे, हिशेबाच्या कचेरीतून नुकतेच निवृत्त झालेले. सगळी उमर स्कूटरवर गेली, पण तरुणपणी साहेबांची फियाट पाहिली होती आणि ती डोळ्यांतून गेली नव्हती. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, जुनी गाडी घेताना चुंबक न्यावा. पत्रा सडला की लोक तिथे पुट्टी भरतात, वर रंग मारतात, आणि पुट्टीला चुंबक धरत नाही. घरात दुसरा चुंबक नव्हता म्हणून ते फ्रिजवरचा गणपतीच घेऊन आले होते. बॉनेटवर गणपती बसला. दरवाजावर बसला. दरवाजाच्या खाली मात्र पुन्हा पुन्हा घसरून मातीत पडला, आणि ते दर वेळी उचलून, कपाळाला लावून, पुन्हा बसवू लागले. विकणारा शेवटी म्हणाला, "बाबूजी, गणेशजी को क्यों परेशान करते हो? नीचे पुट्टी है, मैं खुद बता रहा हूँ."

लक्ष्मीकांतराव हसले, आणि मला घेतलं.

धौलपूरच्या अलीकडे माझं पाणी उकळलं. चंबळेच्या पुलावर मी खोकले. पण संध्याकाळच्या आत आम्ही माधवगंजात होतो. दारात शरयूबाई ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांचा आवाज इतका हळू, की बोलताहेत की जप करताहेत ते कळू नये. त्यांनी माझ्या चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आपल्या दोघांच्या गुडघ्यांना तेल पुरत नाही, आता हिचंही आलं."

मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षं. रविवारी लक्ष्मीकांतराव बनियनवर माझ्या पोटाखाली शिरायचे. नया बाजारात भाजीला जायचं तर तिथे उभं करायला जागा नसायची, तरी ते मलाच काढायचे. शरयूबाईंचे नेम पुष्कळ. सकाळी पोथीचा अध्याय झाल्याशिवाय चहा नाही, चतुर्थी सोडायची नाही, आणि दर शुक्रवारी मांढरे मातेचं दर्शन. टेकडीची ती चढण मी पहिल्या गिअरमध्ये घ्यायची. बाई दर्शन घेऊन यायच्या तोवर लक्ष्मीकांतराव माझ्या बॉनेटला टेकून उभे राहायचे, आणि येणारेजाणारे विचारायचे की कोणत्या सालची, कितीला घेतली. ते साल सांगायचे. दुसऱ्या प्रश्नाला नुसते हसायचे.

मग एका श्रावणात त्यांची डावी बाजू गेली. अर्धांगवायूचा झटका. बाईंनी त्यांना दवाखान्यात नेलं ते शेजाऱ्यांच्या गाडीतून. मी शेडमध्येच होते.

ते घरी आले ते खाटेवरच. खाट टाकली शेडकडच्या खिडकीशी. डॉक्टरांनी काठी दिली होती, रोज थोडं चालवा म्हणाले होते. पण बाईंचा धीर होईना. पडले तर? त्यामुळे काठी कोपऱ्यात राहिली, आणि त्यांचं सगळं खाटेवरच होऊ लागलं. बाईंचा शुक्रवारही सुटला. त्याच्या जागी त्यांनी नवा नेम धरला. कोणीतरी सांगितलं होतं, जुनी गाडी रोज सुरू करावी लागते, नाहीतर मरते. तेव्हा पोथी झाली की त्या शेडमध्ये यायच्या, माझ्या बंपरला कुंकू लावायच्या, चोक ओढायच्या, किल्ली फिरवायच्या. थोडा वेळ हात जोडून शेजारी उभ्या राहायच्या. मग मला बंद करून वर अभ्र्याचं कापड ओढायच्या. उपास असो, ताप असो, हा नेम चुकला नाही. पुढची कित्येक वर्षं.

आता कसं सांगू तुम्हाला? इतक्या मायेने कोणी माझं कधी केलं नव्हतं, आणि त्या मायेनेच मी आतून संपत होते. गाडी चार-दोन कोस धावली की अंग तापतं, धुराबरोबर नळीत साचणारं पाणी वाफ होऊन निघून जातं. मी तापायच्या आतच बंद व्हायची. पाणी सायलेन्सरमध्ये साचून राही. पत्रा आतून गंजत गेला, प्लगवर काजळी चढली, टायर एकाच बाजूवर उभे राहून चपटे झाले. बाहेरून मी देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी स्वच्छ. मित्रांनो, धावून दमते तेव्हा झोप लागते. उभं राहून जो थकवा येतो, त्याला झोप नाही.

त्यांची लेक यशश्री इंदूरला नोकरीला. गेल्या दिवाळीनंतर ती आली तेव्हा तिने विषय काढला. "आई, किसके लिए ठेवायची ही? बाबा आता चालवणार नाहीत, तू मान ले ना." तिच्या शाळेतला समरजीत आता झाशी रोडवर हॉटेल काढत होता. त्याला अशा स्वस्तातल्या जुन्या गाड्यांचा नाद. एक जीप, एक काँटेसा, माझ्यासारखी एक मोडकी फियाटही त्याच्याकडे होती. त्याचं म्हणणं, मला मधून कापायची, पुढचा अर्धा भाग भिंतीवर बसवायचा, दिवे लावून ठेवायचे. लोक खाली बसून जेवतील, फोटो काढतील.

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, येऊ दे त्याला. त्यांच्या मनात काय होतं ते मला किल्ली फिरवतानाच्या त्यांच्या हातावरून कळायचं. गाडी चांगली चालू आहे हे पाहिलं, की तो मला कापणार नाही, चालवेल. बस, एवढीच आशा होती त्यांची.

समरजीत आला, बाईंच्या पाया पडला. त्याच्यासमोर त्यांनी मला सुरू केलं. "एक दिवस खंड नाही पडला रे," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदाच थोडा अभिमान ऐकला. मी जीव एकवटला. सुरू झाले, काळा धूर सोडला, खोकले. समरजीत वाकून खाली शिरला, आणि त्याने सायलेन्सरला नुसतं बोट लावलं तर बोट आत गेलं. गंजाचा ढीग खाली पडला. मी बंद पडले.

"काकू, ही शेडबाहेर शेवटची कधी निघाली होती?"

बाईंनी सांगितलं.

"मग बरोबर. थंड गाडी जागेवर घुरघुरत ठेवली की आतून सडते. यापेक्षा झाकून बंद ठेवली असती तर टिकली असती." मग त्यांचा चेहरा पाहून तो घाईने म्हणाला, "पण तुम्ही टेन्शन घेऊ नका. इंजन तर मला नकोच आहे."

बाई घरात गेल्या. खिडकी उघडीच होती, म्हणून पुढचं मला ऐकू आलं. त्या खाटेशी बसल्या असाव्यात.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो." लक्ष्मीकांतरावांचे शब्द आता जड येतात, एकेक उचलून ठेवावा तसे.

"इतकी वर्षं? आणि मला बोलला नाहीत."

"तुझी पोथी व्हायची. मग तो आवाज यायचा. पेट्रोलचा वास यायचा खिडकीतून. वाटायचं, आपण निघालोय कुठेतरी. तू नेम सोडला असतास, तर तेही गेलं असतं."

 मग बाई म्हणाल्या, इतक्या हळू की मी कान दिले म्हणून ऐकलं. "मला वाटायचं, ही सुरू होते आहे तोवर तुम्ही उठाल."

त्या बाहेर आल्या त्या चहाचे कप घेऊन. समरजीतच्या हातात कप दिला आणि म्हणाल्या, "बाळा, चुकीचा धरला होता नेम मी. पण म्हणून नेम टाकत नाहीत, सुधारून घेतात. गाडी द्यायची नाही. मी चालवेन."

यशश्री हसतच सुटली. "आई, तू? तुला स्कूटीचा हॉर्न वाजवायलासुद्धा लाज वाटते."

"शिकेन तो पण," बाई म्हणाल्या.

समरजीतने चहा संपवला. जाताना माझ्या दरवाजावर थाप मारून म्हणाला, त्याच्याकडच्या फियाटचा सायलेन्सर शाबूत आहे, तो पाठवून देतो. भिंतीवर तो काँटेसाच लावेल. तिला चालायची हौस नाही.

शिकाऊ लायसन्स निघालं, माझी दुरुस्ती झाली. पण बाईंना माझा गिअर काही जमेना. जत्रा नसते तेव्हा मेळ्याचं मैदान रिकामंच असतं, तिथे सुट्टी घेऊन आलेली यशश्री आम्हाला पहिल्याच गिअरमध्ये कशीबशी घेऊन गेली. बाईंचं लक्ष क्लचकडे गेलं की हात दांड्यावर चुके, हाताकडे गेलं की पाय चुके. यशश्रीलाच तो गिअर धड येत नव्हता, ती काय सांगणार? दोन-चार दिवस मी नुसती उड्या मारून बंद पडत राहिले. मग एका सकाळी बाईंनी कोपऱ्यातली काठी काढली आणि नवऱ्याच्या हातात दिली. खाटेपासून शेडपर्यंत यायला त्यांना किती वेळ लागला म्हणून सांगू. दोनदा बसले. पण आले. माझ्या बाकावर, बाईंच्या डाव्या हाताला बसले. त्यांचा उजवा हात धड होता, आणि माझा गिअर त्या हाताच्या टप्प्यात होता.

मैदानावर बाईंनी क्लच दाबला आणि म्हणाल्या, "हं." त्यांनी गिअर टाकला.

"हं." दुसरा.

मागच्या सीटवर यशश्री होती. ती पुढे वाकून बाबांचा हात पाहत राहिली.

पुढे बाई एकट्यानेही शिकल्या, परीक्षा देऊन पक्कं लायसन्स आणलं. तरीही आम्ही तिघं असलो की गिअर लक्ष्मीकांतरावच टाकतात.

आणि मग तो शुक्रवार. मांढरे मातेच्या चढणीवर अर्ध्यात मी बंद पडले. दम संपला माझा. मागे रिक्षा, त्यामागे शाळेची बस, सगळ्यांचे भोंगे. पुढे एक गाय आडवी. बाईंनी हँडब्रेक ओढला, मला पुन्हा सुरू केलं, आणि त्यांचा श्वास माझ्या काचेवर उमटलेला मला दिसला. लक्ष्मीकांतराव म्हणाले, "पहिला टाकलाय. वाजव."

बाईंनी डोळे मिटले आणि हॉर्न वाजवला. गाय हलली. मी गचके खात, सगळ्या काचा खडखडवत, वर गेले.

बाई एकट्याच दर्शनाला गेल्या. लक्ष्मीकांतराव काठी टेकून उतरले आणि माझ्या बॉनेटला टेकून उभे राहिले. मी तापले होते, पाणी सळसळत होतं, चटका बसला असेल त्यांना. पण ते सरकले नाहीत. एका माणसाने विचारलं, काका, कोणत्या सालची? त्यांनी सांगितलं.

मित्रांनो, मी बरी झाले असं सांगून तुम्हाला फसवत नाही. तेल गळतं. दरवाजाखालची पुट्टी पुन्हा सुटली आहे. एक दिवस मीही भिंतीवर किंवा भट्टीत जाणारच आहे, त्याची तक्रार नाही. एक विनंती आहे फक्त. तुमच्या घरात कोणी जुनं असेल, सायकल असेल, शिलाईचं मशीन असेल, आजोबा असतील, तर त्यांना नुसतं पुसून झाकून ठेवू नका. हात धरा आणि बोळाच्या टोकापर्यंत का होईना, घेऊन जा. दमलो तर दमू. दमू द्या आम्हाला.

आता थांबते. आतली पोथी संपली आहे, आणि ओट्यावर काठीचा आवाज येतो आहे.